‘रूळ तुमचा’
गंजक्या लोखंडाचा वास आला की रेवदंड्याकडची मिठागरं आठवतात. इंग्रजांच्या राज्यात तिथं दोन कंपन्यांच्या मिठाच्या ट्रॉल्या बंदरावर जात आणि त्यांचे रूळ एका जागी एकमेकांना छेदत. समोरच्यानं ‘रूळ तुमचा’ म्हटल्याशिवाय वाट द्यायची न्हाय, असा आमच्या मुकादमाचा हुकूम. एका दुपारी दुसऱ्या कंपनीचा गडी बाळंतपणात अडलेल्या बायकोला ट्रॉलीवर घालून आला. दोहीकडं गुडघाभर चिखल. “दादा, सरक, ओहोटी लागंल, दवाखान्याकडं न्यायची होडी निघायची न्हाय.” मी भरल्या ट्रॉलीवर बसूनच म्हटलं, “आधी म्हण.” तो दात आवळून उभा. बायको किंचाळली तेव्हा पुटपुटला. “मोठ्यानं!” तो ओरडला. मी सरकलो, तोवर होडी चिखलात बसलेली. बाईनं धक्क्यावरच जीव सोडला. सून विचारते, वाईट वाटत न्हाय? मी सांगतो, त्यानं आधीच म्हणायचं होतं.