कुवेत ते मुंबई, पावणेचार तास

“किती लांब ते विचारू नका, किती वेळ ते विचारा,” असं आबा चौकशीच्या खिडकीतून प्रत्येकाला सांगायचे. जळगाव बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. असा माणूस तुम्हीही एखाद्या स्टँडवर पाहिला असेल. धुळ्याचं विचारलं की म्हणायचे, “अडीच तास. पारोळ्याला चहा प्यालात तर पावणेतीन.”

त्यांची एकुलती एक मुलगी नर्स होऊन कुवेतला गेली, तेव्हा त्यांनी शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं. “विमानाने पावणेचार तास. आपल्या जामनेरला दोनदा जाऊन यावं, तेवढंच,” असं ते आठवडाभर सगळ्या ड्रायव्हरांना सांगत होते. आई नसलेली पोर एवढ्या लांब धाडली, असं कुणी बोललं, की हाच हिशेब पुढे यायचा.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं. फोन बंद, पत्र बंद. आबा रोज कामावर येत, माईकवरून गाड्या पुकारत, पण डबा न उघडता घरी नेत.

महिन्याभराने तिकडून परतलेला भुसावळचा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. ‘बाबा, आम्ही सगळ्या जणी बसने निघतोय. इराकमधून जॉर्डनला, अम्मानपर्यंत. तिथून मुंबईचं विमान मिळेल.’

आबांनी पुन्हा दोरा काढला. “अम्मान ते मुंबई, साडेपाच तास,” ते म्हणाले. मग दोरा कुवेतवर ठेवला, वाळवंटातून थोडा पुढे सरकवला आणि तिथेच थांबले.

“आणि बसला किती लागतील, आबा?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

कचेरीत ते नेहमी शुद्ध बोलत. त्या दिवशी घरच्या अहिराणीत म्हणाले, “त्या बसनं माले काही समजत नही रे भाऊ.”

त्यांना एकट्याला मुंबईला पाठवायची आमची हिंमत झाली नाही. मी सोबत गेलो. विमानतळाबाहेर आम्ही चार दिवस काढले. विमानं येत होती, माणसं गाठोडी घेऊन बाहेर पडत होती. आबा एकेकाला गाठून विचारत, “बसला किती दिवस लागले?” कुणी तीन सांगे, कुणी आठ. एक बाई रडू लागली. त्यानंतर आबांनी विचारणं बंद केलं.

पाचव्या दिवशी ती आली. आबांनी तिला ओळखलं नाही, तिनेच हाक मारली. ते खाली बसून तिच्या सुजलेल्या पायांतले बूट काढू लागले. नाडीची गाठ सुटेना. गर्दी त्यांना वळसा घालून जात राहिली.

पुढे तिला धुळ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. निवृत्तीनंतर आबा तिच्याकडेच राहिले आणि काही वर्षांनी तिथेच गेले.

मी भेटायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. माझाच हात धरून विचारायचे, सिस्टर, माझी मुलगी आली का हो?”

“मग तू काय सांगायचीस?”

“आधी सांगायचे, बाबा, मीच ती. पण ते घाबरायचे. मग मी म्हणायला लागले, आली आहे, आबा. बाहेर बूट काढतेय.”