तेलाचं एक बोट

आईचे केस परत आले ते वेगळेच आले. आधीचे सरळ, जाड, कमरेखाली जाणारे. लासलगावला कांदा निवडायला जाताना ती त्यांचा अंबाडा घालून वर फडकं बांधायची. कॅन्सरच्या उपचारांत ते सगळे गेले. मग उगवले ते बाळाच्या जावळासारखे, मऊ आणि मधूनमधून वळलेले. मानेपर्यंत यायला त्यांना दीड वर्ष लागलं. तोवर तिने डोक्यावरचा पदर घरातही ढळू दिला नाही.

मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा आई फोनवर म्हणाली, "या लग्नात डोक्यावर पदर घेनार नाय मी. बघू दे लोकांना, बाई बरी झाली." मग म्हणाली, "पन केस जरा नीट करून दे. तुझ्याकडं ते गरम मशीन हाय ना?"

होतं. माझ्या पगारातून घेतलेला कर्लिंग रॉड. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, बीएस्सी. दवाखान्याचे सगळे कागद मीच वाचले, डॉक्टरांना प्रश्न मीच विचारले. रॉडचं पत्रकही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बारीक केसांना कमी आच, केस पूर्ण कोरडे, एक बट काही सेकंदच गुंडाळायची.

लग्न मी नोकरीला असते तिथंच, नाशिकला, गंगापूर रोडच्या एका लॉनवर होतं. आई आदल्या दिवशी माझ्या खोलीवर आली. सकाळी मी तिचे केस धुतले, वाळवले आणि बजावलं, "आता काही लावू नकोस हं." मग तिच्या साडीला इस्त्री करायला गेले.

परत आले, तिला आरशासमोर बसवलं आणि उजव्या कानाजवळची पहिली बट रॉडला गुंडाळली. चर्र झालं. धूर निघाला आणि जळका वास खोलीभर पसरला. रॉड ओढला तर अर्धी बट त्यालाच चिकटून आली.

मी केसांना हात लावला. बोटं तेलकट झाली.

"आई, तेल लावलंस?"

"लावलं जरासं. बाटली खिडकीतच व्हती."

"काही लावू नको म्हटलं होतं ना मी?"

"तेल नको असं कुठं म्हनलीस?"

खरंच म्हटलं नव्हतं. आमच्याकडे तेलाला कुणी 'काही लावणं' म्हणतच नाही. ते आंघोळीतच धरलेलं असतं. मी त्याच घरातली, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

"कोरड्या डोक्यानं लग्नाला जाऊ?" ती म्हणाली. "सुतकात असल्यावानी? तुझी आजी गेली तेव्हा तेरा दिवस कोरडी व्हते. मंग दवाखान्यातबी." तिने रॉडवरचे केस काढून तळहातावर घेतले. मग डोक्यावर पदर ओढला. "चल. असंच जाऊ."

डॉक्टरांपुढे मी एकदाही रडले नव्हते. आता मात्र रडतच म्हणाले, "आई, चुकलं माझं. तुला नीट विचारायला हवं होतं." आमच्याकडे असं कुणी कुणाला म्हणत नाही. मीही पहिल्यांदाच म्हणत होते.

आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं.

"टाइम हाय का?"

"आहे. अक्षता साडेबाराच्या."

"मंग धू परत."

दोनदा शाम्पू लावून धुतले. चिमटीत घेतलेले केस कोरडे सुळसुळीत लागेपर्यंत ड्रायर फिरवला. मग एकेक बट गुंडाळायची, मोठ्याने पाच अंक मोजायचे, सोडायची आणि वळण निवेपर्यंत तळहातावर धरायची. आई डोळे मिटून बसली होती, सलाईन लावताना बसायची तशी. शेवटची बट झाल्यावर मी रॉड बंद केला, तेलात एक बोट बुडवलं आणि फक्त तिच्या भांगावरून ओढलं. तिने डोळे उघडले. पदर खांद्यावर घेऊन पिन लावली.

लॉनच्या दारातच मावशीने तिला गाठलं. "अगं बया! कोनत्या पार्लरला गेली व्हतीस? एकटी एकटी?"

"पोरीनं केलं," आई म्हणाली. "आधी जाळले, मंग केले."

मावशी हसता हसता थांबली आणि तिच्या केसांवरून हलकेच हात फिरवला. बायका बघत होत्या. आई बघू देत होती.

जेवणं होईपर्यंत केसांची वळणं सैल पडली. कानाजवळचा जळका झुपका तेवढा ताठ उभा राहिला. मी तो कानामागे सारायला हात पुढे केला, तर तिने माझा हात धरला. "राहू दे. वाढंल."

वाढायला चार महिने लागले. ती गावाहून फोन करायची आणि आधी तेच सांगायची, आज कुठवर आला ते.