लाल झाकणाची बाटली

"पायरीवरून खाली हो. फरशी आत्ताच पुसलीय."

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा तो मेडिकलवाला माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. मी खाली झाले. लगेच. वर "चुकलं दादा" असंही म्हणाले. पायाला मळ्यातला चिखल होता, हे खरं. पण तो कधीच वाळला होता. हे मला आत्ता सुचतं. तेव्हा नाही सुचलं.

डावा डोळा ओढणीनं झाकलेला. हातात दवाखान्याचा कागद. तो मी खालूनच हात लांब करून पुढं केला. त्यानं तो कोपऱ्याला दोन बोटांत धरला, भांडी पुसायचा फडका धरतात तसा.

"नॅटामायसिन पाहिजे दादा. डोळ्याचं."

"नाव तर पाठ करून आलीस. वाचता येतं का?"

तेवढ्यात एक मॅडम स्कूटी लावून आल्या. "या ना मॅडम, आत या, पंख्याखाली." माझा कागद बाजूला पडला. मॅडमना कोल्ड क्रीम पाहिजे होतं. त्यातलेही दोन-तीन प्रकार बघायचे होते. मी पायरीखाली उन्हात उभी. उजेड डोळ्यात सुईसारखा घुसत होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आजच मिळव. मॅडम डब्या बघत होत्या आणि माझा डोळा चालला होता. पण मी तोंड उघडलं नाही. मी चिडले तर तो औषध देणार नाही, एवढंच डोक्यात.

मी परभणीकडची. सहावीत शाळा सुटली. थोरली बहीण आणि दाजी कामासाठी इकडं आले, त्यांच्यामागं मी. सायखेड्याच्या अलीकडं एका मालकाचा गुलाबाचा मळा होता. पहाटे फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या, टेम्पो भरायचा. मग बहीण बाळंतपणाला गावी गेली, दाजीही तिच्याबरोबर गेले. मी एकटी उरले. मळ्यात मला नावानं कुणी हाक मारत नसे. ए परभणीवाले, एवढंच.

मालकिणीला आम्ही काकू म्हणायचो. काकू वाईट नव्हती. एकटी पोर शेडमध्ये नको, म्हणून तिनं मला घराच्या पडवीत झोपायला जागा दिली. नाशिकची थंडी मला सोसेना, तर मुलाचा जुना स्वेटर दिला. त्या उपकारानं मी इतकी दबले होते की चहाचा कप घेतानाही हात जोडायचे.

एका सकाळी फांदी ओढून फूल कापलं आणि फांदी झटक्यात मागं आली. काटा डोळ्यात. मी खाली बसले. काकू धावत आली, ओढणीच्या टोकावर फुंकर मारून डोळा शेकला. मग घरातून एक बाटली आणली. लाल झाकणाची, अर्धी संपलेली.

"आमच्या बारक्याचे डोळे आलते तवा आणलेली. लय गुणाची हाय. घाल चारदा."

घातली. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. मी काकूच्या पाया पडले. चौथ्या दिवशी बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला. काकू म्हणाली, "घालत राहा, जाईल." मी आणखी घातली. आठवडाभर. ठसठस वाढली. उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे पुसल्यासारखे झालेले. तेव्हा मी घाबरले. मालकांनी फुलांच्या टेम्पोत बसवून नाशिकला आणलं, सरकारी दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि ते बाजारात गेले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं. "बुरशी लागलीय डोळ्याला."

बुरशी. शिळ्या भाकरीला लागते ती. माझ्या डोळ्यात ती वाढतेय, मी झोपते तेव्हाही वाढतेय.

"काय घातलंस यात?"

मी पिशवीतून बाटली काढली. त्यांनी वाचली आणि कपाळाला हात लावला. "हे आत्तापासून बंद. बुरशीला हे खतासारखं आहे." मग म्हणाल्या, "पाहिजे ते औषध आपल्याकडं नाही. बाहेरही सहज मिळत नाही. पण आजच मिळव. दर तासाला एक थेंब."

"नाही मिळालं तर?"

"डोळा जाईल."

माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं. "औषध ताकासारखं पांढरं असतं, हलवून घालायचं. पाण्यासारखं दिसलं तर ते नव्हे. दुसरं कुणी काही दिलं तरी घालायचं नाही. समजलं?"

लाल झाकणाची बाटली मी पुन्हा पिशवीत ठेवली. काकूची वस्तू. परत द्यायला नको?

तिथून द्वारका चौकात गेले. कुंभमेळा वर्षावर आलेला, रस्ते खणून ठेवलेले. खड्ड्यांच्या कडेनं एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. पहिला म्हणाला, नाही. दुसऱ्यानं नावच ऐकलं नव्हतं. तिसरं दुकान अगदी बारकं. तिथले म्हातारे काका म्हणाले, "मुंबईहून मागवावं लागेल पोरी. उद्या, नायतर परवा." परवापर्यंत कुठला डोळा? प्रत्येक दुकानासमोर मी उजवा डोळा मिटायचे आणि डाव्यानं पाटीवरचा लाल क्रॉस बघायचे. पहिल्या दुकानाचा क्रॉस क्रॉस होता. तिसऱ्याचा नुसता लाल डाग होता. कुणीतरी म्हणालं, गंगापूर रोडला जा, तिकडं मोठी दुकानं आहेत.

म्हणून मी त्या पायरीखाली उभी होते.

मॅडमचं क्रीम ठरलं. मग मेडिकलवाल्यानं माझा कागद उचलला, नीट न बघता आत गेला आणि एक खोकं काउंटरवर आपटलं.

"घे. कंपनी वेगळी, औषध तेच."

मी पैसे दिले आणि दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले दादा."

चार पावलं चालून गेले. झाडाच्या सावलीत खोकं उघडलं. थेंब तिथंच घालायचा होता, एक तासही घालवायचा नव्हता. बाटली बाहेर काढली.

लाल झाकण.

हलवली. पाण्यासारखी.

पिशवीतली काकूची बाटली काढून शेजारी धरली. कागद धरला. शाळेत एबीसीडी शिकले होते, तेवढीच माझी इंग्रजी. एकेक अक्षर बोटानं लावलं. कागदावरचं नाव एननं सुरू होत होतं. दोन्ही बाटल्यांवर एकच नाव होतं आणि त्यात एन कुठंच नव्हता.

ज्या थेंबानं डोळा नासला, तोच मी पुन्हा घालणार होते. आणि त्याबद्दल हात जोडून आले होते. बाटलीपेक्षा मला त्या जोडलेल्या हातांची भीती वाटली.

परत गेले. पायरीपाशी थांबले. पाय उचलेना. तो ओरडेल, चारचौघांत हाकलेल. पण डोळ्यात ठसठस चालूच होती. मी पायरी चढले. आत गेले. पुसलेल्या फरशीवर माझी पावलं उमटली.

"दादा, हे ते औषध नाही."

"ए, खाली हो आधी!"

"यात एन नाही. कागदावर एन आहे."

तो हसला. "बघा मॅडम, हिला एन येतो. डॉक्टर कोण, तू का मी?"

"डॉक्टर तुम्ही पण नाही."

हे मी म्हणाले. माझ्याच आवाजात. मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

त्याचं तोंड लाल झालं. "विकलेला माल परत घेत नाही. जा, हो आंधळी."

मी त्याची बाटली काउंटरवर ठेवली. कागद उचलला. हात जोडले नाहीत.

पुन्हा द्वारकेच्या त्या म्हाताऱ्या काकांकडं गेले. त्यांनी माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. औषध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. ताकासारखं. तोवर मोहरीचा ज्वारीचा दाणा झाला होता.

त्या मधल्या रात्री काकू म्हणाली, "तवर रिकामा कशाला ठेवती डोळा? आपली बाटली हायच की."

मेडिकलवाल्याला नाही म्हणणं सोपं होतं. काकूच्या पडवीत मी झोपत होते. अंगात तिच्याच मुलाचा स्वेटर होता. ती हाकलेल ही भीती डोळ्याच्या भीतीएवढीच मोठी होती.

"नको काकू."

"चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा," असं म्हणून ती आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डोळा काढावा लागला नाही. पण ज्वारीचा दाणा बुबुळावर राहिला. डाव्या डोळ्यानं मला आज उजेड कळतो, सावली कळते. माणूस ओळखू येत नाही.

पुढच्या थंडीत मळ्यात पेठ तालुक्यातलं एक जोडपं आलं. त्यांच्या लहान मुलीचे डोळे लाल झाले. काकू घरातून आली. हातात बाटली. लाल झाकणाची. पोरीची आई दोन्ही हात जोडून पुढं झाली.

मी मधे गेले. काकूच्या हातातून बाटली घेतली, झाकण काढलं आणि गुलाबाच्या पाटात ओतली.

"अगं परभणीवाले! तुझं काय जात होतं गं?"

"माझा डोळा गेला काकू."

त्या पोरीला मीच दवाखान्यात नेलं. स्वेटर धुऊन, घडी घालून काकूच्या उंबऱ्यावर ठेवला आणि शेडमध्ये राहायला गेले.

भीती अजून वाटते. पण कुणी औषध हातात ठेवलं की मी कागद काढते, एकेक अक्षर लावते. लागलं नाही तर समोरच्याला मोठ्यानं वाचायला लावते. मागं रांग असली तर रांग थांबेल.

आणि हे मी पायरीखाली उभं राहून करत नाही. आत जाऊन करते.