आडाच्या कठड्यावरची घागर

हे मी आजवर वस्तीत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पाण्यावरच्या त्या डॉक्युमेंटरीत मी आमच्या वस्तीच्या आडाचं पाणी पिताना दिसतो. ते पाणी आडाचं नव्हतं. कंपनीच्या ऑफिसातल्या जारचं होतं. घागर मीच भरली होती.

त्या सकाळी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी कंपनीच्या लॅबमध्ये मदतनीस. अठरा वर्षं. बाटल्या धुवायच्या, पाण्याचे नमुने भरून आणायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, इस्त्री केलेला. साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा शर्ट काढ."

मला कळेना.

"अरे, काढ. असा गेलास तर कंपनीचा माणूस वाटशील. जरा वस्तीतला दिस."

माळ्याचा शर्ट मागवला. काखेत उसवलेला, घामट. केबिनला काच. काचेपलीकडं अकाउंटच्या दोन मुली. त्यांच्यादेखत मी बटणं सोडली. पन्नाशीला टेकलेला माणूस, बनियनला भोकं. एक मुलगी मान खाली घालून हसली. दुसरी हसली नाही, नुसती बघत राहिली. तिचंच जास्त लागलं.

"पिऊन झालं की हस," साहेब म्हणाले. "दात दाखव. तुमच्या लोकांचे दात कॅमेऱ्यात बरे दिसतात."

तुमच्या लोकांचे. मी म्हणालो, "व्हय साहेब."

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. गावाला टाकीचं पाणी, आम्हाला आड. कंपनी वरच्या बाजूला. तिचं पाणी पाइपातनं ओढ्यात येतं. कागदावर स्वच्छ होऊन येतं. ओढा आडापासून हाकेच्या अंतरावर. हळूहळू डाळ शिजेना. चहात दूध फाटायला लागलं. हंड्याच्या तळाला पिवळा थर धरायचा, नखानं खरवडून निघायचा. बायका ओरडत होत्या. कोल्हापूरची एक मुलगी त्याच्यावर फिल्म करायला आली. वस्तीतल्या बायकांशी बोलून झाल्यावर ती कंपनीला म्हणाली, तुमचीही बाजू सांगा.

कंपनीची बाजू म्हणजे मी.

जारचं पाणी घागरीत भरून कंपनीच्या गाडीतनं नेलं आणि ती मुलगी यायच्या आधी घागर आडाच्या कठड्यावर ठेवली. शेजारी पोहरा भिजवून ठेवला. तेही माझंच डोकं, साहेबांनी सांगितलं नव्हतं.

मुलीनं विचारलं, "काका, हे आत्ताच काढलंय ना?"

"व्हय."

प्यायलो. हसलो. दात दाखवले. "काय न्हाय बघा पाण्याला. आमी रोज पितोय की."

तेही खोटं. माझ्या घरात दोन वर्षं जारचंच पाणी येत होतं. पाच लिटरचा कॅन, वर पोतं टाकून, माझ्या दुचाकीच्या हुकाला. बायकोला सांगितलेलं, कंपनी देते, गवगवा करू नको.

परत ऑफिसात आलो. माळ्याच्या शर्टातच साहेबांपुढं उभा राहिलो. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते फोनवर होते. हातानंच खूण केली, बाहेर हो.

आता एक गोष्ट साहेबांना माहीत नव्हती, मला होती. आमच्याकडं दर उन्हाळ्यात आड उपसतात. गाळ काढायला जो आत उतरतो, तो वर आल्यावर नव्या झऱ्याचा पहिला तांब्या सगळ्या वस्तीदेखत पितो. तो प्यायला की मग बाकीचे पोहरा सोडतात. तोवर कोणी थेंब घेत नाही. माझा बाप वीस वर्षं उतरला. बापाच्या मागं मी. वस्तीला तपासणी, रिपोर्ट असलं काही माहीत नाही. आमच्या घरातला माणूस प्यायला, संपला विषय.

कॅमेऱ्यापुढं पेला तोंडाला लावताना हे माझ्या ध्यानात होतं. तरी लावला.

फिल्म तयार झाल्यावर त्या मुलीनं ती वस्तीच्या समाजमंदिरात दाखवली. रविवारी दुपारी, दारं-खिडक्या लावून, भिंतीवर चादर. फिल्ममध्ये ओढ्याचा फेस होता, मेलेली मासळी होती, एक डॉक्टर बोलत होते. माझा तुकडा अर्ध्या मिनिटाचा. पण मी दिसलो आणि शिट्ट्या पडल्या.

"आरं, हिरो झाला की ह्यो!"

"शर्ट कुणाचा घातलाईस रं? लग्नातला हाय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. फिल्मवाल्या मुलीचं सगळं काम त्या हसण्यात वाहून गेलं.

पुढच्या ओळीत जैनबमावशी बसलेली. माझ्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. आयुष्यभर लोकांच्या गाद्या-रजया शिवल्या तिनं. माझी आई गेल्यावर माझ्या पोरींना तिनं न्हाऊ घातलं. ती वर्षभर आडाचं पाणी पीत नव्हती. चढ चढून गावाच्या नळावर जायची, दोन कळश्या आणायची. तिथं बायका म्हणायच्या, "मावशे, हितं नंबर गावचा. वस्तीचा न्हाय." सगळ्यांचं भरून झालं, नळाची धार बारीक झाली, की तिला मिळायचं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मावशी आडावर, पोहरा सोडतेय.

म्हणालो, "मावशे, आज वर गेली न्हाईस?"

"कशाला? त्यांची बोलणी खायला?" ती म्हणाली. "तू पिलास नव्हं सगळ्यांम्होरं? मग झालं की, लेका."

त्याच वेळी सांगायचं होतं. तोंडात शब्द होते. मी पायातली चप्पल नीट केली आणि कामावर गेलो.

सहा-सात महिन्यांनी तिच्या बोटांना चिरा पडल्या. सुई धरवेना. मग पोट. मग कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, किडनी. पाण्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आडाचं पाणी कधी तपासलंच गेलं नाही. का गेलं नाही, ते मला माहीत आहे. सरकारी तपासणीला जाणाऱ्या, 'आडाचा नमुना' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या मीच भरायचो. ऑफिसातल्या फिल्टरवर.

मावशी दवाखान्यातनं आली त्याच आठवड्यात नमुन्याचा दिवस होता. मी बाटली घेतली आणि फिल्टरकडं न जाता वस्तीत आलो. पोहरा सोडला. रीत अशी असते की बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळायची, मग काठोकाठ भरायची. अठरा वर्षांत पहिल्यांदा रीतीनं भरली. चिठ्ठी वाकडी चिकटली.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. पाणी पिवळसर.

"हे काय आणलंस?"

"आडाचं पाणी, साहेब. चिठ्ठीवर आडाचंच लिव्हायचं असतंय न्हवं?"

"तुला अक्कल चालवायला ठेवलाय का इथं?"

खिडकीतनं हात काढून त्यांनी बाटली कुंडीत ओतली. दुसऱ्या माणसाकडनं फिल्टरची भरून आणवली. नमुना आडाचाच आहे असा कागद माझ्यापुढं सरकवला. सही कर.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"न्हाय करत."

"काय म्हणालास?"

"न्हाय करत म्हणालो."

"मग उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यासारखे गेटवर रोज उभे असतात."

खरं होतं. सही दुसऱ्यानं केली. बाटली गेली, रिपोर्ट चांगला आला. माझ्या नकारानं काही थांबलं नाही.

घरी आलो आणि वस्तीत सांगत सुटलो, आडाचं पिऊ नका. कोण ऐकतंय?

"कामावरनं हाकललं म्हणून आता पाणी वाईट झालं व्हय?"

"परवा तर गटागटा पीत होतास की, हिरो!"

माझ्याकडं उत्तर आहे. एकच आहे. ते दिलं नाही म्हणून लोक अजून आडाचं पितात. मी नकार दिला साहेबांना, ते सोपं होतं. तो माणूस माझा कोणी लागत नव्हता. मावशीपुढं अजून माझी जीभ उचलत नाही. ती औषधाच्या गोळ्यासुद्धा त्याच पाण्याबरोबर घेते. मी विकत आणलेलं जारचं पाणी देऊ केलं तर म्हणाली, "तुझ्या पोरींना ऱ्हाऊ दे. मला आडाचं सवयीचं हाय."

काल फिल्मवाल्या मुलीला फोन केला. म्हणालो, तुझ्या फिल्ममध्ये मी खोटं बोललोय, परत कॅमेरा घेऊन ये. तिनं आधी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "गुरुवारी येते, काका. पण वस्तीला आधी तुम्ही सांगा. त्यांना ते माझ्या पडद्यावर कळायला नको."

बरोबर बोलली. लोक शिव्या देतील. कुणी अंगावर धावूनही येईल. येऊ दे. पोरींना बाहेर तोंड दाखवायला जड जाईल, तेही माझ्यामुळंच. माफी मागणार नाही. माफी मागितली की मावशी देऊन टाकेल, आणि मग तिच्याकडं रागवायलाही काही उरणार नाही.

उद्या सकाळी बायका पाण्याला जमतील तेव्हा आडावर जाणार. मावशीला हाताला धरून नेणार. सगळ्यांदेखत मला एवढं सांगायचं आहे: मी फसवलं, जाणूनबुजून फसवलं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार हे मला आधीपासून माहीत होतं. एवढं मी वस्तीचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.