दोन्हीकडे फिरणारं कडं

माणूस समोर आला की भिंग आधी मनगट बघतो, मग चेहरा. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. घड्याळं राहतात. "तो नाही का, पांढऱ्या तबकडीचा, काच तडकलेला," असं तो बायकोला सांगतो, आणि ती म्हणते, "अहो, तो माझा सख्खा चुलत भाऊ आहे."

भिंग हे टोपणनाव. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा कापतो. कडा घासतो, फ्रेममध्ये बसवतो. दिवसभर चाक फिरत असतं आणि काच त्यावर करकरत असते. संध्याकाळी कानात तोच आवाज घेऊन तो घरी येतो. हातपाय धुतो. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पांढरं कापड पसरतो, दिवा ओढून घेतो, डोळ्याला भिंग लावतो आणि घड्याळ उघडतो.

तो घड्याळं दुरुस्त करत नाही. चांगल्या चालत्या घड्याळाचं रूप पालटतो. एकाची तबकडी, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याची काच. तो काटे गरम पत्र्यावर ठेवून निळे करतो. तबकडीवरची छापील अक्षरं पुसून ती कोरी करतो. बिघडलेल्या घड्याळाकडे तो ढुंकूनही बघत नाही. बायको म्हणते, "माणसांचं असं करता आलं असतं, तर तुम्ही माझं नाक केव्हाच बदललं असतं." तो मान वर न करता म्हणतो, "नाक राहू दे. काच बदलली असती, जरा कमी आवाजाची."

त्या टेबलापाशी कुणी शिंकायचं नाही. पंखा लावायचा नाही. काढलेला भाग कधी टाकायचा नाही. असे भाग तो दुकानातून आणलेल्या कागदी पाकिटांत ठेवतो.

आवाजाचं त्याला वावडं होतं. दिवसभर करकर ऐकणारा माणूस. त्याला घरी सगळं मऊ हवं असायचं. काही घड्याळांच्या काचेभोवती एक फिरणारं कडं असतं, त्यावर मिनिटांच्या खुणा. ते फिरवलं की टक टक वाजतं. ती टकटक त्याला कुणी दात खाल्ल्यासारखी वाटायची. एकदा त्याने एका हिरव्या तबकडीच्या घड्याळाचं कडं उचकटून काढलं. खाली नखाएवढी पत्र्याची चपटी कमान होती. ती काढली. तिच्या जागी प्लास्टिकची पातळ चकती घातली, वर वंगणाचं बोट फिरवलं आणि कडं परत दाबून बसवलं. आता ते तेल दिलेल्या बिजागरीसारखं फिरायला लागलं, डावीकडे आणि उजवीकडेही. आवाज नाही. तो किती तरी वेळ नुसता फिरवत बसला होता. कमान पाकिटात गेली.

ते हिरवं घड्याळ पुढे जुन्या बाजारात एका तरुणाला आवडलं. भिंगाने ते त्याच्या जुन्या घड्याळाच्या बदल्यात देऊन टाकलं. त्याच्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. बोटीवर कामाला निघालोय, पाण्यात उतरावं लागणार, असं काहीसं तो म्हणाला होता. भिंगाचं लक्ष हातात आलेल्या घड्याळाकडे होतं.

मग मेहुण्याचं घड्याळ आलं.

मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बेडूक म्हणतात, कारण तो पाण्याखाली काम करतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्यात एक मनोरा आहे. पाणी त्यातून आत शिरतं. तिथल्या लोखंडी जाळ्यांत फांद्या, पिशव्या, गाळ अडकतो. बेडूक पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरतो आणि जाळ्या मोकळ्या करतो.

"भाऊजी, याला जरा माणसात आणा," तो म्हणाला. घड्याळावर चरे पडले होते. कड्यात वाळू शिरली होती, ते फिरताना खरखरायचं.

"तुझ्या हातात पडलेलं घड्याळ. बिचाऱ्याला दम्याचा त्रास आहे," भिंग म्हणाला.

"बरं करा मग. खाली तेच माझे डोळे. गाळ ढवळला की स्वतःचा हात दिसत नाही. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा नळीवर असतो, पण तोही दिसत नाही. घड्याळ चमकतं, डोळ्यापाशी नेलं की वाचता येतं."

भिंगाने ते मन लावून केलं. नवी काच घातली. काटे रुंद लावले, त्यांवर चमकणारा रंग भरला. कडं नवं घातलं, काळं, खुणा पांढऱ्या. आणि टकटक काढली. पाण्याला अडवणारं रबर बदलून घड्याळ पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलं, थेंब आत गेला नाही. यात त्याने कसूर ठेवली नाही.

बेडूक घ्यायला आला. कडं फिरवून पाहिलं. त्याने ते सवयीने एकाच बाजूला फिरवलं.

"आवाज गेला की."

"घालवला. मऊ केलंय."

"लाजवाब, भाऊजी. आता हे घालून पाण्यात जायला जीवावर येणार," तो म्हणाला आणि हातात बांधून गेला.

दोनेक दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ दुकानात चष्मा न्यायला आले. तरुणपणी पोहायला शिकवायचे. भिंग चष्मा घेऊन बाहेर आला आणि नेहमीप्रमाणे त्याची नजर मनगटावर गेली. घड्याळ जुनं होतं, कड्याचं.

"बघू का जरा?"

त्यांनी काढून दिलं. भिंगाने कडं डावीकडे फिरवलं. टक टक. उजवीकडे फिरवायला गेला तर हलेना. अंगठ्याने जोर लावला.

"अडकलंय हे," तो म्हणाला. "मोकळं करून देऊ? पाच मिनिटांचं काम."

"अडकलेलं नाही हो," म्हातारे हसले. "तिकडे फिरता कामा नये."

"का?"

"पाण्याखाली जाताना कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्याशी आणायची. मग काटा किती पुढे गेला तेवढा वेळ झाला. आता खाली कशाला तरी हात घासला, कडं सरकलं, तर? डावीकडे सरकलं तर वेळ जास्त झाल्यासारखा दिसतो. माणूस लवकर वर येतो. येऊ दे. उजवीकडे सरकलं तर वेळ कमी दिसतो." त्यांनी नवा चष्मा नाकावर चढवला आणि आरशात बघितलं. "मग तो खालीच बसून राहतो."

भिंगाने घड्याळ परत दिलं. ते काय म्हणाले, किती वेळ थांबले, त्याला कळलं नाही.

मागच्या खोलीत जाऊन त्याने मेहुण्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग बायकोला.

"बेडूक कुठाय?"

"कामावर. का हो?"

"पाण्यात?"

"नाही, झाडावर. अहो, सकाळी इथूनच गेला चहा घेऊन. शेजारच्या काकूंनासुद्धा घड्याळ दाखवून गेला. तुमचा आवाज असा का येतोय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मालक काउंटरवर होते. त्याने त्यांच्या स्कूटरची किल्ली मागितली.

"काचा कोण कापणार?"

"येतो."

"घड्याळ मिळालं वाटतं कुठे." मालकांनी किल्ली दिली, मग त्याच्याकडे नीट बघितलं. "अरे, काय झालं?"

तो निघून गेला होता.

तळ्याकडचा रस्ता गोदामांमधून जातो. सिग्नलला तो थांबला आणि समोरच्या बसमधल्या लोकांचे हात त्याला दिसले, दांडीला धरलेले. सगळ्यांच्या मनगटांवर घड्याळं होती. तो ती बघत नव्हता तरी दिसत होती. बेडकाच्या सूटची बाही जाड रबराची आहे. जाळीत हात घालायचा, फांदी ओढायची, पुन्हा हात घालायचा. दर वेळी बाही कड्याला घासणार. आणि वंगणाचं बोट आपणच फिरवलं होतं. ते कडं फुंकरीनेसुद्धा सरकलं असतं. याचाच आपल्याला अभिमान होता. मागून हॉर्न वाजले तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

मनोऱ्यापर्यंत लोखंडी पूल आहे. पुलाच्या टोकाशी पाण्याला टेकलेला तराफा. त्यावर उलट्या बादलीवर दोरीवाला बसला होता. दोरीचं एक टोक त्याच्या तळहातात, दुसरं खाली, बेडकाच्या कमरेला. तपकिरी पाण्यावर बुडबुडे येत होते.

"तो खाली आहे?" भिंगाने धापा टाकत विचारलं.

"मग हे बुडबुडे काय मासे सोडतायत?"

"किती वेळ झाला?"

"वेळेचं तो बघतो. दोरीचं मी बघतो." दोरीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का ते भाऊजी? काय घड्याळ केलंय हो. सकाळपासून आम्हाला जगू देत नाहीये."

"त्याला वर ओढा."

"असं ओढत नाहीत. हात जाळीत असेल. आणि खोलातून एकदम वर आणायचं नसतं, थांबत थांबत यावं लागतं. उगाच झटका दिला तर वर आल्यावर मला फाडून खाईल."

"घड्याळ चुकतंय."

"नवं कोरं आहे की."

"मी बिघडवलंय," भिंग म्हणाला. हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "त्याचं कडं दोन्हीकडे फिरतं. मी त्याची कमान काढली. वेळ कमी दिसत असेल त्याला."

दोरीवाला उठून उभा राहिला. बादली कलंडली. दोरी ताणली आणि ठरलेले झटके दिले.

दोरी तशीच राहिली.

पुन्हा दिले. बुडबुडे आले, मग थांबले, मग थोडे आले. भिंग तराफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता. पाण्यात त्याला स्वतःचं डोकं दिसत होतं, त्याच्या खाली काही नाही. हिच्या भावाला मी. एवढाच अर्धा विचार येत होता. पुढचा येत नव्हता.

मग दोरी खालून हलली.

"मिळाला," दोरीवाला म्हणाला. तो सावकाश दोरी आत घेऊ लागला. मध्येच थांबायचा. ते थांबणं भिंगाला सोसवेना.

"का थांबलात?"

"गप बसा. असंच आणायचं असतं."

शेवटी डोकं पाण्याबाहेर आलं. बेडकाने तोंडातली नळी काढली. "कोण मेलं?" त्याने विचारलं. मग भिंगाला पाहिलं. "भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग ओढलं कशाला? अजून भरपूर वेळ होता. हे बघा." त्याने हात वर केला. काळं कडं, पांढऱ्या खुणा, रुंद काटे. सुरेख दिसत होतं. शून्याची खूण मिनिटकाट्याच्या मागे अगदी थोडीशी. तो नुकताच उतरला असावा, असं घड्याळ सांगत होतं.

दोरीवाल्याने खाली वाकून त्याच्या नळीवरची तबकडी हातात घेतली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. काटा लाल पट्ट्याच्या शेवटाला टेकला होता.

बेडकाने ती तबकडी बघितली, मग घड्याळ. मग कडं हळूच उजवीकडे फिरवलं. ते फिरलं.

"मी केलं ते," भिंग म्हणाला.

बेडकाने तराफ्याची कड धरली आणि तो वर चढला.

"ताईला सांगू नका," बेडूक म्हणाला.

संध्याकाळी बेडूक घरी आला. बायको स्वयंपाकघरात होती. "आज दोघं एवढे गप्प कसे? भांडलात का?" तिने आतून विचारलं. "नाही गं," बेडूक म्हणाला. त्याने घड्याळ पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसला. याआधी त्याने भाऊजींना काम करताना कधी असं बघितलं नव्हतं. आता तो हातांवरून नजर काढत नव्हता.

भिंगाने कडं काढलं. वंगण पुसलं, चकती काढली. मग पाकीट उघडून कापडावर उपडं केलं.

दोन कमानी पडल्या.

त्याने त्यातली एक उचलून जागेवर घातली, कडं दाबलं आणि घड्याळ पुढे सरकवलं. बेडकाने कडं डावीकडे फिरवलं. टक टक टक. उजवीकडे अंगठ्याने जोर लावला. नख पांढरं होईपर्यंत लावला. कडं हललं नाही.

त्याने घड्याळ हातात बांधलं. मग कापडावरच्या दुसऱ्या कमानीकडे बोट केलं.

"ही कुणाची, भाऊजी?"

हिरवी तबकडी, नारिंगी सेकंदकाटा, मनगटावर भाजल्याचा लांबट डाग. हे सगळं भिंगाला लख्ख आठवलं. चेहरा आठवला नाही. आठवायला त्याने तो बघितलाच नव्हता.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो जुन्या बाजारात जातो. तासन्‌तास उभा राहतो. ज्याने घड्याळ नेलं त्या तरुणाबद्दल त्याचं सगळ्या विक्रेत्यांना विचारून झालंय. "दिसायला कसा होता?" ते विचारतात, आणि तो मनगटाचं वर्णन करतो. ते एकमेकांकडे बघतात. बायको म्हणते, "घरात घड्याळं कमी पडली का?" टेबलावरचं पांढरं कापड घडी करून ठेवलेलं आहे.

रस्त्यात अजूनही तो आधी मनगटंच बघतो. कमानीचं पाकीट शर्टाच्या खिशात असतं. कुणी रिक्षा थांबवायला हात वर केला, बाही मागे सरकली, की त्याचा हात खिशाकडे जातो.