धुक्यातलं गाऱ्हाणं
“खंय मेलंस रे? गाडी सुटता!” कंडक्टर एकदाच ओरडला आणि गप्प झाला, आणि मला ना तो दिसत होता ना त्याची बस. एकट्यानं केलेल्या पहिल्या प्रवासाहून मालवणला घरी परतताना गाडी आंबोलीच्या घाटात थांबली, मी पाय मोकळे करायला उतरलो आणि दहा पावलांत धुक्यानं मला गिळलं. धुकं तरी कसलं, कोयत्यानं तोडून पिशवीत भरावं इतकं घट्ट! टॉर्च, शिटी, होकायंत्र, हिमालयाला पुरेल इतकं सामान मी चार दिवस खपून भरलं होतं, पण ते सगळं बॅगेत आणि बॅग बसमध्ये. दरी कुठल्या बाजूला होती ते दरीलाच ठाऊक. गाडी गेली तर मी इथंच शेवाळणार, अशी खात्री झाली, तेवढ्यात माझ्या शेजारच्या सीटवरच्या शेतकरी आजोबांचा आवाज घुमला, “बा देवा म्हाराजा, जा काय वाटेर अडाकला आसा, ता सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!” आणि अख्ख्या बसनं एका दमात साथ दिली, “व्हय म्हाराजा!” डोंगर हलला, माझी फासळी न् फासळी वाजली. अनोळखी माणसं माझ्यासाठी देवाला साकडं घालत होती! त्या आवाजाला धरून, डोळे पुसत चालत गेलो तो थेट बसच्या दारावरच आपटलो. आजही बॅग उघडताना, त्या दिवशी धुक्यानं भिजलेल्या माझ्या कपड्यांसारखा दमट वास आला की तो होकार कानात घुमतो. तेव्हा तर मी आजोबांचे पायच धरले. म्हटलं, “माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलंत!” आजोबा म्हणाले, “तुझा खंय? गाडी चालू होईना, तिचा घातलंय.”