लाल रेघ

माझ्या नवऱ्याला कामावर सगळे 'रेघवाले' म्हणतात. मी चिडले की घरात मीही तेच म्हणते. हे सौर प्रकल्पावर फिटर आहेत. तिथे लांबलचक लोखंडी पाइपांवर पॅनेलं बसवलेली असतात आणि ती दिवसभर उन्हाच्या मागे हळूहळू वळत राहतात. पॅनेल धरून ठेवणारे नट आवळायचे आणि मग नटावरून खालच्या पट्टीवर मार्करने एक सरळ रेघ ओढायची, हे यांचं काम. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

ही खोड घरीही आली. गॅसच्या नळीचा पट्टा, दाराची बिजागरी, स्वयंपाकघरातली खुर्ची, कशालाही सोडलं नाही. "एक दिवस माझ्या नाकावर ओढाल," असं मी म्हणायची, तर हे नाकाकडे खरोखर निरखून बघायचे.

मंगळवारी दुपारी चौदावी रांग कोसळली. वारा होता, पण वादळ म्हणावं असा नाही. पाइप आधी डोलायला लागला, मग ओला कपडा पिळावा तसा पिळला गेला आणि पॅनेलं धडाधड खाली आली. नशीब, खाली कोणी नव्हतं. ती रांग यांनीच आवळलेली. त्यामुळे आता यांची नोकरी राहते की जाते, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता.

चौकशीच्या साहेबांनी दोन दिवस त्या रांगेचा एकेक नट तपासला. जागेवर उरलेल्या सगळ्या नटांवरच्या रेघा सरळ. "तुमचं काम चोख आहे. वाऱ्याचाच दोष. उद्या तसा अहवाल देतो," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. यांचा मात्र पडेना. साहेबांना विचारून त्या रांगेतली एक पट्टी नटासकट घरी आणली आणि चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसले.

"नट फिरले नाहीत, मग पॅनेलं सुटली कशी?"

"मला काय विचारता? आणि त्या खुर्चीवर बसू नका, डुगडुगते."

"डुगडुगेल कशी? रेघ सरळ आहे."

"ती पुसट झाली म्हणून गेल्या महिन्यात तुम्हीच नवी ओढलीत. तेव्हा पाना लावला होतात का?"

यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे. मग रॉकेलचा बोळा घेऊन पट्टीवरची आणि नटावरची धूळ पुसायला लागले. मला आठवलं, उन्हाने रंग उडतो म्हणून हे दरवर्षी नुसता मार्कर घेऊन सगळ्या रांगांवर नव्या रेघा ओढत. कोणी सांगितलं नव्हतं, हौस यांचीच. पहिल्या वर्षी रंग पिवळा होता, नंतर लाल मिळाला. आता पुसल्यावर पिवळा दिसला. पट्टीवर तो लाल रेघेखालीच होता. नटावर मात्र करंगळीच्या नखाएवढा बाजूला सरकलेला.

"म्हणजे नट आधीच फिरला होता? की पिवळी रेघच मी तेव्हा वाकडी ओढली होती? की वारा..." हे ती पट्टी हातात उलटसुलट करत पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले. मलाही काही कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की मी त्या खुर्चीचा विषय काढायला नको होता.

"साहेब तुम्हाला मोकळं करतायत ना? मग गप्प बसा," मी सरळ म्हणाले. मला भीती वाटत होती आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

"अगं, बाकीच्या चाळीस रांगांवरही लाल रेघा माझ्याच आहेत. त्यांच्याखालून माणसं ये-जा करतात."

मी फोन उशीखाली लपवायला हवा होता. तो टेबलावरच होता. यांनी उचलला आणि नंबर लावला.

"साहेब, तो अहवाल थांबवा," हे म्हणाले. "काय झालं ते मला नीट कळत नाहीये. पण माझ्या रेघांवर विश्वास ठेवू नका."